‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीचा अर्थ

नागपूरच्या इतवारी भागातील भोजनालयांच्या पाट्यांवर ‘शुद्ध शाकाहारी’ हे दोन शब्द इतक्या सवयीने एकत्र लिहिले जातात की, ते मुळात दोन वेगळ्या कुळांतले शब्द आहेत ही गोष्ट वाचणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. ‘शाकाहारी’ हा शब्द ताटातील पदार्थाविषयी बोलतो आणि त्याची शहानिशा करता येते. ‘शुद्ध’ हा शब्द मात्र पदार्थावरून भांड्यावर, भांड्यावरून चुलीवर आणि चुलीवरून आचारी, वाढपी, मालक व शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसापर्यंत सरकत जाऊ शकतो, आणि त्याला कोठवर सरकू द्यायचे याचे उत्तर पाटीवर कधीच लिहिलेले नसते. घरच्या स्वयंपाकात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे शिजवणारा आणि जेवणारा एकाच रीतीत वाढलेले असतात. घराबाहेर पैसे मोजून अनोळखी माणसाच्या हातचे अन्न घेण्याची वेळ येते तेव्हा आहाराचे व्रत प्रथमच दुसऱ्याच्या स्वाधीन होते. व्रत म्हणजे माणसाने स्वतःहून स्वतःवर घालून घेतलेले बंधन. ते पाळण्याचे काम परक्यावर सोपवता येते काय, आणि येत असेल तर त्या परक्याविषयी नेमके काय जाणून घेण्याचा अधिकार व्रत पाळणाऱ्याला पोहोचतो, हा या लेखाचा विषय आहे.

इतवारी हे नावच बाजाराच्या वारावरून पडले आहे. बुधवारी, मंगळवारी, शनिवारी अशी वारांची नावे नागपुरात इतरत्रही आढळतात, परंतु पेठ म्हणून जे वजन इतवारीला आले ते दुसऱ्या कोणत्या वाराच्या वाट्याला आले नाही. सोन्याचांदीची सराफा ओळ, मसाले आणि सुक्या मेव्याची किराणा ओळ, लोहा ओळ (एकाच मालाच्या दुकानांच्या रांगेला ‘ओळ’ म्हणणे ही नागपूरची खास लकब आहे) यांतून घाऊक व्यापार चालतो, आणि त्या व्यापाराच्या ओढीने राजस्थानातून आलेले अग्रवाल व माहेश्वरी, गुजरातेतून आलेले वाणी व बोहरा, बुंदेलखंडाकडचे परवार जैन आणि विणकामावर जगणारे हलबा कोष्टी असे नाना समाज एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहिले. परवारपुरा हे मोहल्ल्याचे नाव आणि तेथील दिगंबर जैन मंदिर यांत त्या स्थलांतराची खूण शिल्लक आहे. महाल, गांधीबाग, हंसापुरी आणि मोमिनपुरा हे भाग येथून पायी गाठता येतात. इतवारी रेल्वे स्थानकातून नागभीडकडे जाणारी नॅरोगेज गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत खेड्यापाड्यांतील लोकांना थेट या बाजाराच्या दारात आणून सोडत असे. सकाळी येऊन, माल बांधून, संध्याकाळी परतणारा दुकानदार हा येथील भोजनालयांचा मूळ गिऱ्हाईक होय; इतवारीत माणूस हॉटेलात हौसेने जाण्याच्या कितीतरी आधी गरजेने गेला, ही बाब पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावी लागते.

या गरजेतून घडलेले खाद्यजीवन विलक्षण दाट आहे. सकाळी हरभऱ्याच्या लालभडक तर्रीत बुडवलेले पोहे आणि कचोरी, दुपारी वरण-भात-पोळीची थाळी किंवा मारवाडी भोजनालयातील तुपाची रोटी, हिवाळ्यात कोथिंबिरीने गच्च भरलेली सांबारवडी (विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि मिठाईच्या दुकानांत संत्रा बर्फी, हे सारे शाकाहारीच असते. बिकानेरच्या ज्या अग्रवाल कुटुंबाने नागपुरात हल्दीराम हे नाव रुजवले त्यानेही शाकाहाराची चौकट न मोडता फराळापासून पूर्ण जेवणापर्यंतचा पसारा उभा केला. आणि याच परिसरात, दोन गल्ल्या ओलांडल्या की, दगडफूल, खसखस आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचा उग्र दरवळ घेऊन सावजी भोजनालय समोर येते, जेथे मटणाच्या शेजारच्याच पातेल्यात पाटोडीचा रस्सा आणि डाळकांदा शिजत असतो. इतवारीतील शाकाहारी माणसाला आपले व्रत अशा शेजारात सांभाळावे लागते, आणि म्हणूनच ते व्रत नेमके कशाचे आहे हे त्याला इतरांहून अधिक स्पष्टपणे ठाऊक असावे लागते.

अन्नाच्या शुद्धीचा विचार भारतीय परंपरेत ज्या वचनाभोवती फिरत राहिला ते छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार आणि नारद यांच्या संवादाच्या शेवटी येते. आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते, असा त्याचा आशय आहे. मात्र ‘आहार’ म्हणजे काय याविषयी दोन मोठ्या आचार्यांत मतभेद झाला. शंकराचार्यांच्या मते इंद्रियांनी जे जे आत घेतले जाते ते सर्व आहार होय, म्हणून शब्द, रूप, स्पर्श यांचे ज्ञान राग, द्वेष आणि मोह यांनी न माखलेले असणे हीच आहारशुद्धी. रामानुजाचार्यांनी शब्दाचा सरळ अर्थ धरला आणि आहार म्हणजे अन्नच मानून, श्रीभाष्यात प्राचीन वाक्यकाराच्या आधारे, त्याला लागणारे तीन दोष सांगितले. पदार्थाच्या स्वभावातच जो असतो तो जातिदोष. येथे ‘जाती’ म्हणजे पदार्थाचा प्रकार, माणसाची जात नव्हे. पदार्थ ज्याच्याकडून येतो त्याच्यामुळे लागणारा तो आश्रयदोष. आणि केस, किडा, उष्टे अशा बाहेरच्या कारणाने लागणारा तो निमित्तदोष. नऊशे वर्षांपूर्वीची ही मांडणी आजच्या भोजनालयावर ताडून पाहिली तर ती थक्क करण्याइतकी नेमकी ठरते, कारण टेबलाशी बसलेला शाकाहारी गिऱ्हाईक वाढप्याला जे प्रश्न विचारतो ते सगळे या तिहींपैकी कोणत्या ना कोणत्या दोषाविषयीचे असतात. फक्त कोणता प्रश्न कोणत्या दोषाचा आहे, हे त्याच्या मनात वेगळे केलेले नसते.

जातिदोषाचा प्रांत वरवर सोपा वाटतो, पण इतवारीत तो सर्वांत गुंतागुंतीचा आहे. मांस, मासे आणि अंडी वर्ज्य, एवढ्यावर शाकाहाराची व्याख्या संपते असे मानणाऱ्याला येथे पावलोपावली थबकावे लागते. जैन तत्त्वज्ञान वनस्पतींचे दोन वर्ग करते: ज्यांच्या एका शरीरात एक जीव असतो ती प्रत्येक वनस्पती, आणि ज्यांच्या एका शरीरात अनंत जीव एकत्र राहतात ती साधारण वनस्पती, जिला अनंतकाय असेही म्हणतात. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा ही कंदमुळे दुसऱ्या वर्गात पडतात, आणि म्हणून आलूबोंडा हा निखळ शाकाहारी पदार्थ काटेकोर जैन गृहस्थाला अभक्ष्य ठरतो. वैष्णव मारवाडी कुटुंब कांदा-लसूण टाळते ते जीवहिंसेच्या भयाने नव्हे, तर ते पदार्थ रज आणि तम हे गुण वाढवतात या समजुतीने. त्यामुळे ते बटाटा निःशंकपणे खाते. मराठी घरांत कांदा-लसूण-वांगी चातुर्मासापुरती बंद होतात आणि नंतर पुन्हा सुरू होतात. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी एरवी कांदा-भाकर खाईल, पण एकादशीला त्याच्यापुढे साबुदाण्याची बटाटा घातलेली खिचडी येईल, जी त्याच्या दृष्टीने व्रताचे अन्न आणि शेजारच्या जैन व्यापाऱ्याच्या दृष्टीने वर्ज्य अन्न आहे. एकाच भटारखान्यातून, एकाच दिवशी, ही सारी व्रते सांभाळली जावीत अशी अपेक्षा येथील आचाऱ्याकडून असते, आणि तो ती बऱ्याच अंशी पुरी करतो: बटाट्याऐवजी कच्चे केळे वापरतो, लसणाची उणीव हिंगाने भरून काढतो, ‘जैन’ ताटासाठी रस्सा वेगळा काढून ठेवतो. शाकाहारात एक व्रत नसून व्रतांची उतरंड आहे, हे ग्रंथ न वाचलेल्या त्या आचाऱ्याला पुष्कळ पंडितांहून चांगले कळते.

तरीही काही व्रते अशी आहेत की जी कोणतेही भोजनालय कोणासाठी पाळू शकत नाही. सूर्यास्तानंतर न जेवणे, म्हणजे रात्रिभोजनत्याग, हे त्यांपैकी ठळक उदाहरण होय. अंधारात सूक्ष्म जीव अन्नात पडून मरण्याची शक्यता असते, हे त्यामागचे कारण. डिसेंबरात नागपूरचा सूर्य साडेपाचच्या पुढेमागे मावळतो आणि इतवारीचा बाजार त्या वेळी ऐन भरात असतो. गल्ल्यावर बसलेल्या जैन सराफाला त्या घडीला उठून जेवायचे की गिऱ्हाईक सांभाळायचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते, आणि जेव्हा तो उठतो तेव्हा व्रताचा खरा मालक कोण हे उघड होते. पदार्थ दुसऱ्याने निवडून दिलेला चालतो, वेळ आणि संयम मात्र स्वतःच आणावा लागतो.

निमित्तदोषाकडे वळले की प्रश्न ज्ञानाचा होतो. ज्या कढईत आधी काय तळले ते ठाऊक नाही, जो झारा दोन पातेल्यांत फिरतो, ज्या पाकीटबंद मसाल्यात काय दळले आहे ते दिसत नाही, त्या सर्वांविषयी जेवणाऱ्याला शंका येणे स्वाभाविक आहे. पाकिटांपुरती सोय शासनाने केली: हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका शाकाहारी पदार्थाची खूण म्हणून सक्तीचा झाला, आणि त्या नियमाने दूध व दुधाचे पदार्थ मांसाहाराच्या व्याख्येतून वगळून भारतीय शाकाहाराची रूढ समजूत कायद्यात आणली. परंतु ठिपका पाकिटावर असतो, पातेल्यावर नसतो. मिठाईवरील चांदीच्या वर्खाचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. पारंपरिक पद्धतीत चांदीचे तुकडे जनावरांच्या आतड्यापासून किंवा कातड्यापासून केलेल्या पानांच्या थरांत ठेवून, हातोडीने ठोकून वर्ख केला जात असे. ज्या बर्फीत दूध, साखर आणि संत्र्याखेरीज काही नाही तिच्या अंगावर हिंसेचा असा पातळ थर बसलेला असू शकतो, हे कळल्यावर अनेक जैन संस्थांनी वर्खाविरुद्ध आवाज उठवला आणि पुढे यंत्रावर, कातड्याचा वापर न करता, वर्ख तयार होऊ लागला. पण ताटात आलेल्या बर्फीकडे पाहून तिचा वर्ख कोणत्या पद्धतीचा आहे हे सांगणे जेवणाऱ्याला शक्य नसते.

भारतीय दर्शनांत ज्ञानाच्या साधनांना प्रमाणे म्हणतात. डोळ्यांनी पाहणे हे प्रत्यक्ष, धुरावरून अग्नी ओळखणे हे अनुमान, आणि विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून जाणणे हे शब्दप्रमाण. भोजनालयात बसलेल्या माणसाला प्रत्यक्ष उपलब्ध नाही, कारण भटारखाना पडद्याआड असतो. अनुमान तोकडे पडते, कारण चव आणि वास एका मर्यादेपलीकडे काही सांगत नाहीत. उरतो तो शब्द. ‘यात लसूण आहे का?’ या प्रश्नाला वाढपी जे उत्तर देतो त्याच्यावर ताटातल्या घासाची सारी नैतिकता टेकलेली असते. न्यायदर्शनात ज्याचा शब्द प्रमाण मानावा अशा माणसाला ‘आप्त’ म्हटले आहे, आणि वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्यात आप्ताचे जे लक्षण केले त्यात दोनच गोष्टी महत्त्वाच्या आहेत: ज्या वस्तूविषयी तो बोलतो ती त्याने स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. यापुढे वात्स्यायन एक पाऊल टाकतो, ज्याकडे शाकाहाराच्या चर्चेत कोणी फारसे पाहिलेले नाही. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे तो स्पष्टपणे सांगतो. खरे बोलण्याची पात्रता कोणत्याही कुळाच्या मालकीची नाही, हे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या तर्कशास्त्रज्ञाने मान्य केले होते.

या एका विधानाने आश्रयदोषाचा प्रश्न मुळापासून बदलतो. ज्याच्याकडून अन्न येते त्याच्यामुळे अन्नाला दोष लागतो, या सूत्राचा अर्थ व्यवहारात शिजवणाऱ्याची जात असाच घेतला गेला आणि त्यातून सोवळे-ओवळे, पंक्तिभेद, ‘ब्राह्मणांचे हॉटेल’ अशा पाट्या आणि स्वयंपाकासाठी विशिष्ट जातीचाच ‘महाराज’ ठेवण्याची प्रथा यांचा मोठा डोलारा उभा राहिला. स्वामी विवेकानंदांनी रामानुजांचे हे तीन दोष आपल्या भक्तिविषयक लेखनात आदराने मांडले, पण आश्रयदोषाचा संबंध त्यांनी दुष्ट प्रवृत्तीच्या माणसाशी लावला आणि धर्म स्वयंपाकघरात जाऊन बसल्याची खंत आयुष्यभर बोलून दाखवली. वात्स्यायनाची कसोटी जोडली तर आश्रयदोषाचा एकच समर्थनीय अर्थ शिल्लक राहतो: अन्नाचा आश्रय जो माणूस, तो खोटे बोलणारा असेल तर अन्न सदोष, आणि खरे बोलणारा असेल तर निर्दोष. त्याचे आडनाव, त्याचा मोहल्ला, त्याच्या स्वतःच्या घरी रविवारी काय शिजते, या गोष्टी या कसोटीत कोठेही येत नाहीत.

हा निष्कर्ष केवळ ग्रंथांची सांगड घालून काढलेला नाही, त्यामागे विदर्भाचा स्वतःचा इतिहासही आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या आणि अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला आपले पवित्र स्थान मानणाऱ्या महानुभाव पंथाने अहिंसा अत्यंत कडकपणे स्वीकारली, आणि त्याच वेळी संन्याशांना चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागण्याचा आचार घालून दिला. पदार्थाविषयी काटेकोर आणि दात्याच्या कुळाविषयी निर्विकार राहता येते, याचा इतका जुना आणि इतका जवळचा पुरावा समोर असताना, शाकाहार पाळायचा तर माणसांपासून दूर राहावेच लागते असे म्हणणे इतिहासाला धरून होत नाही. विसाव्या शतकात अनंत हरि गद्रे यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी झुणका-भाकर सहभोजने घडवून आणली. झुणका-भाकर ही कष्टकऱ्याच्या घरची, कमी खर्चाची आणि मांसाविना शिजणारी, त्यामुळे त्या पंगतीला बसताना कोणालाही आपले आहारव्रत मोडण्याचे कारण नव्हते. ज्या शाकाहाराचा उपयोग शतकानुशतके माणसे बाहेर ठेवण्यासाठी झाला, तोच सर्वांना एकत्र बसवण्यासाठीही वापरता येतो, हे त्या पंगतींनी दाखवले.

शुद्धी आणि आहार यांच्या या गाठीचा सर्वांत कठोर विचार ज्यांनी केला त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली ती याच शहरात, आणि ती दीक्षाभूमी इतवारीहून काही किलोमीटरवर आहे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी असा सिद्धांत मांडला होता की अस्पृश्यतेच्या उगमाशी आहारावरून केलेला भेद, विशेषतः गोमांसभक्षणावरून केलेला भेद, जोडलेला आहे. पुढे बुद्ध आणि त्याचा धम्म या विषयावरील, त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना त्यांनी तत्त्व आणि नियम यांत भेद केला. नियम माणसाला जखडतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळीक देते, आणि बुद्धाने अहिंसा तत्त्व म्हणून सांगितली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बौद्ध विनयात भिक्षूला मांस घेण्याची जी मुभा आहे तिला तीन कोटींची अट आहे: तो प्राणी आपल्यासाठी मारला गेला असे त्याने पाहिलेले, ऐकलेले किंवा त्याला तसा संशय आलेला नसावा. शाकाहारी वाचकाला ही मुभा पटेलच असे नाही, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने ती पटण्याची गरजही नाही. परंतु दीक्षाभूमीच्या शहरात ‘शुद्ध’ हा शब्द वाचताना तो ज्यांच्या पूर्वजांना दाराबाहेर उभे करत होता त्या माणसांच्या कानांना तो कसा लागतो, याचा विचार पाटी रंगवणाऱ्याने केला पाहिजे. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून मज्जाव करण्यास मनाई केली आणि १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने असा मज्जाव दंडनीय ठरवला, पण शब्दांच्या पोटात दडलेला मज्जाव कायद्याच्या हाती लागत नाही.

तो दडलेला मज्जाव अलीकडे दोनदा उघड्यावर आला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटो या घरपोच अन्न देणाऱ्या कंपनीने केवळ शाकाहारी अन्नासाठी हिरव्या गणवेशाचे वेगळे वाहक जाहीर केले आणि टीका होताच दुसऱ्याच दिवशी गणवेशाचा वेगळेपणा मागे घेतला. बंद डब्यातील अन्नाला वाहकाच्या रंगाने काय फरक पडतो, याचे उत्तर निमित्तदोषात पूर्णपणे सापडत नाही, त्यासाठी आश्रयदोषाकडेच जावे लागते. त्याच वर्षी जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यगृहांनी मालकांची नावे लावावीत असे आदेश निघाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै रोजी अंतरिम स्थगिती देताना कोणत्या प्रकारचे अन्न मिळते हे सांगावयास लावता येईल, पण मालकाचे किंवा कामगारांचे नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही, अशी रेषा आखली. रामानुजांच्या परिभाषेत सांगायचे तर, जातिदोष विचारण्याचा गिऱ्हाईकाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला आणि जन्मावर आधारलेला आश्रयदोष विचारण्याचा अधिकार नाकारला. यात्रेकरूच्या श्रद्धेचा यात अपमान झाला असे वाटणाऱ्यांनी आपले व्रत पदार्थाचे आहे की नावाचे, हे स्वतःशी एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो शाकाहाराच्या बाजूनेच येतो. जैन आचारशास्त्र कर्माचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार मानते, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेले मान्य केलेले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही मारणाऱ्याबरोबर संमती देणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा यांना एकाच रांगेत बसवले आहे. असे असेल तर ज्या भोजनालयात मटणही शिजते तेथे पाटोडीचा रस्सा मागवणारा शाकाहारी माणूस त्या हिंसेला आपल्या पैशाने अनुमोदन देतो काय? हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही, आणि ज्याला तो अस्वस्थ करतो त्याने केवळ शाकाहारी चूल असलेल्या ठिकाणीच जावे हे सर्वस्वी योग्य आहे. निमित्तदोषाच्या दृष्टीनेही वेगळी चूल ही जेवणाऱ्याला दिलेली मोठी हमी आहे. पण त्याच जैन परंपरेत हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद आहेत: ठरवून केलेली, घरकामात घडणारी, उपजीविकेत घडणारी आणि स्वसंरक्षणात घडणारी. गृहस्थाला पहिली पूर्ण वर्ज्य आहे, उरलेल्या तिन्ही शक्य तेवढ्या कमी करायच्या आहेत, आणि त्या शून्यावर येत नाहीत ही कबुली त्या वर्गीकरणातच आहे. रेशीमकाठी वस्त्र विकणाऱ्याच्या मालात कोसल्यातील किड्यांचे मरण असते, आणि दुधाच्या प्रत्येक पेल्यामागे भाकड म्हैस आणि नकोसे झालेले रेडकू यांचा प्रश्न उभा असतो. शेजाऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवण्याआधी एवढे आठवले तरी बोटाचा ताठरपणा कमी होतो.

दहाव्या शतकातील दिगंबर आचार्य अमृतचंद्र यांनी पुरुषार्थसिद्ध्युपाय या ग्रंथात अहिंसेची जी व्याख्या केली ती या वादात निर्णायक मानावयास हवी. राग, द्वेष इत्यादी विकारांचा मनात उद्भवच न होणे म्हणजे अहिंसा, आणि त्यांचा उद्भव होणे म्हणजे हिंसा, असे ते सांगतात. ही व्याख्या शंकराचार्यांच्या आहारविषयक अर्थाच्या अगदी शेजारी येऊन बसते, हा दोन परस्परविरोधी दर्शनांमधील दुर्मीळ मेळ आहे. तिच्या प्रकाशात पाहिले तर मटण खाणाऱ्या हलबा विणकराविषयी, मोमिनपुऱ्यातील खाटकाविषयी किंवा भाड्याचे घर मागायला आलेल्या मांसाहारी कुटुंबाविषयी मनात उठणारी किळस ही शाकाहाराची खूण ठरत नाही. ती किळस बाळगून जेवलेले निरामिष अन्न अमृतचंद्रांच्या कसोटीवर अहिंसेचे अन्न राहत नाही. याउलट, जिभेला आणि नाकाला सावजी रश्शाचा दरवळ जाणवत असूनही मनात ना लोभ ना तिरस्कार ठेवता जो आपले वरण-पोळीचे ताट संपवतो त्याचे व्रत अधिक खोल आहे, कारण ते शेजाराच्या सोयीवर अवलंबून नाही.

मोहनदास गांधी १८८८ मध्ये लंडनला गेले तेव्हा त्यांचा शाकाहार आईला दिलेल्या वचनापुरता होता. उपाशीपोटी भटकत असताना फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी उपाहारगृह सापडले आणि तेथेच विकत घेतलेल्या हेन्री सॉल्ट यांच्या पुस्तिकेने त्यांचा शाकाहार वचनातून विचारात उतरला. भोजनालय व्रताला केवळ निवारा देते असे नाही, ते व्रताला स्वतःकडे नव्याने पाहायलाही लावते, हे या प्रसंगातून दिसते. घरी ज्या गोष्टी न विचारता पाळल्या जातात त्या बाहेर मोठ्याने बोलून दाखवाव्या लागतात, आणि बोलताना त्यांची कारणे आठवावी लागतात. पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहताना त्याच गांधींनी आश्रमाच्या सामायिक स्वयंपाकघरात सर्व जातींची माणसे एकत्र ठेवली आणि अन्न मात्र शाकाहारीच ठेवले. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर घडलेला तो प्रयोग इतवारीच्या भोजनालयांना परका नसावा.

म्हणून ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीतला दुसरा शब्द ठेवून पहिल्याच्या जागी काय लिहावे, यावर विचार व्हायला हवा. ‘वेगळ्या चुलीवरचे’, ‘कांदा-लसूण नसलेले मिळेल’, ‘कंदमुळे नसलेले मिळेल’, ‘वर्ख यंत्रावरचा’ अशी माहिती देणारी पाटी लांब होईल आणि दिसायलाही तितकी देखणी नसेल, पण तिच्यातील प्रत्येक शब्दाची शहानिशा करता येईल आणि त्यातला एकही शब्द कोणा माणसाला दाराबाहेर उभा करणार नाही. तोवर गिऱ्हाईकापाशी आणि वाढप्यापाशी उरते ते संभाषण. पर्युषणाच्या किंवा दशलक्षणाच्या दिवसांत, भाद्रपदातल्या दमट दुपारी, कोणी इतवारीच्या लहानशा भोजनालयात बसून रश्शाविषयी विचारतो आणि वाढपी आत न जाताच सांगतो, ‘याच्यात लसूण पडला आहे जी, तुमच्यासाठी वरण आणतो.’ त्या वाक्याने भोजनालयाची एक वाटी रस्सा विकायची राहते, आणि ते बोलणारा कोणत्या मोहल्ल्यातून कामावर आला आहे, हे जेवणाऱ्याला ठाऊक नसते.